ओळख न पटलेली ओळ

"मी जन्मात गुरुग्राम पाहिलेलं नाही!"

फोनवरचे गृहस्थ साताऱ्याहून बोलत होते. निवृत्त मुख्याध्यापक, आवाजात अजून शाळेची घंटा शिल्लक. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर १,१८७ रुपयांची नोंद होती. समोर कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं शेवटी तुटलेलं नाव आणि त्यापुढे गुरुग्राम. कार्ड तर कपाटात, साडीच्या घडीखाली. मग हरियाणात ते वापरलं कोणी?

नवी मुंबईतल्या एका बँकेच्या कार्ड विभागात हा फोन ज्यांनी घेतला, त्या बाईंनी चोरी, पोलीस, सायबर यातला एकही शब्द उच्चारला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, चौदा तारखेला रविवार होता. घरी कोणी पाहुणे होते का?" पलीकडे शांतता. मग स्वयंपाकघराच्या दिशेने वळलेला आवाज, तिकडून काहीतरी उत्तर, आणि पुन्हा फोनवर आलेले सर जरा खालच्या पट्टीत. पुण्याहून नात आली होती. तिच्या वाढदिवसाचा केक मोबाइलवरून मागवला होता. ओटीपी सरांनीच चष्मा लावून वाचून दाखवला होता. केक साताऱ्यातल्याच बेकरीचा. फक्त ज्या ॲपवरून मागवला त्या कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला.

बाईंची अकरा वर्षं या टेबलावर गेली. बँकेच्या भाषेत हा ‘डिस्प्युट डेस्क’. आपापसांत मात्र सगळे त्याला ‘मी नाही त्यातला’ खातं म्हणतात. स्टेटमेंटवर अनोळखी ओळ दिसली की माणूस इथे येऊन थडकतो: कोणी घाबरलेला, कोणी चिडलेला, कोणी आधीच वकिलाशी बोलून आलेला. सुरुवातीच्या वर्षी त्याही प्रत्येक फोनला चोरीच समजायच्या. कार्ड बंद कर, फॉर्म भरून घे, फाइल पुढे पाठव. मग लक्षात आलं की निम्म्या फायली फिरून पुन्हा त्याच घरात येतात. बायकोने भरलेलं क्लासचं शुल्क, मुलाने घेतलेलं गेमचं नाणं, स्वतःच विसरलेली हॉटेलची आगाऊ रक्कम. तेव्हापासून "कोणी केलं?" हा त्यांचा दुसरा प्रश्न झाला. पहिला, "त्या दिवशी काय काय झालं?"

स्टेटमेंटवरची ओळ वाचणं ही एक कला आहे, आणि ती ग्राहकाला कोणी शिकवत नाही. दुकानातल्या मशीनवरून बँकेकडे जो संदेश जातो, त्यात नाव-गावासाठी मिळून ४० अक्षरांची जागा असते. सर्रास दिसणाऱ्या रचनेत नावाला २५, शहराला १३ आणि देशाला २. एवढ्या कोंदणात जे बसेल ते बसेल, उरलेलं तुटेल. बसवायचं नावसुद्धा पाटीवरचं नसतं. मशीन घेताना मालकाने कागदपत्रांत जे लिहिलं ते. पाटीवर ‘मालवणी कट्टा’ आणि स्टेटमेंटवर कुठलीतरी हॉस्पिटॅलिटी एलएलपी, हा रोजचा प्रकार. पेट्रोल पंपावर तेल कंपनीचा भलामोठा फलक असतो, पण मशीन बोलतं पंपाच्या मालकाच्या आजोबांच्या नावाने: अमुक अँड सन्स. खंबाटकीच्या अलीकडे गाडीत पेट्रोल भरणाऱ्याला ते सन्स कुठून आठवणार? ऑनलाइन खरेदीत तर मधला दलालच पुढे येतो. पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची ‘आरएझेड’ किंवा ‘पीवाययू’ अशी आद्याक्षरं, मग एक चांदणी, मग दुकानाच्या नावाचं जे काही उरेल ते.

ग्राहकाला सहसा न दिसणारी एक गोष्ट बाईंना पडद्यावर दिसते: दुकानाच्या जातकुळीचा चार आकडी कोड. ५८१२ म्हणजे उपाहारगृह, ५४११ म्हणजे किराणा, ५९१२ म्हणजे औषधाचं दुकान. नाव कितीही परकं असो, कोड ५९१२ दिसला की त्या हळूच विचारतात, "घरी कोणाला बरं नव्हतं का?" अशा वेळी पलीकडून उत्तर पटकन येतं, आणि ते नेहमीच आनंदाचं नसतं. वडिलांच्या शेवटच्या आठवड्यातली औषधं एकाला अशीच दोन महिन्यांनी स्टेटमेंटवर भेटली होती. रात्री दीड वाजता हॉस्पिटलखालच्या दुकानात कार्ड पुढे केलं होतं, हे तो साफ विसरला होता. त्याने माफी मागून फोन ठेवला. बाईंनी पुढचा फोन लगेच घेतला नाही.

आकडेही दगा देतात. दोन हजारांचं पेट्रोल भरलं, तर काही कार्डांवर एक टक्का अधिभार म्हणजे २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६० पैसे चढतात. पुढे अधिभाराचे २० रुपये परत येतात, पण वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या तारखेला. जीएसटी तसाच राहतो. माणूस शोधतो दोन हजार, आणि सापडतात २,०२३ रुपये ६० पैसे. परदेशी ॲपची वर्गणी डॉलरमध्ये असली, तर चलन बदलण्याचे साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी अशी पिल्लावळ मागून येते. मूळ ओळ ओळखीची असते, पिल्लं अनोळखी. दोन-चारशेच्या त्या ओळींसाठी लोक तावातावाने फोन करतात. हिशेब समजावला की म्हणतात, हे आधी कोणी का नाही सांगितलं? यावर बाईंकडे उत्तर नसतं.

वर्गणी हे तर स्वतंत्र प्रकरण. सात दिवस फुकट म्हणून फोटो सुधारायचं ॲप घेतलं जातं. सातव्या दिवशी ते आठवतं कोणाला? रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना लगाम घातला. सुरुवातीला ओटीपीने मंजुरी लागते आणि दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. १५ हजारांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना मात्र पुन्हा ओटीपी लागत नाही. २०२२ च्या जूनपर्यंत ही मर्यादा पाच हजार होती. सूचना येते, हे खरं. ती येते घरकर्जाच्या जाहिरातींच्या आणि लॉटरीच्या गर्दीत. बाई फोनवर ग्राहकाला तो जुना मेसेज शोधून काढायला लावतात. बहुतेक वेळा सापडतो. न वाचलेला.

पण सगळंच काही केक आणि पेट्रोल नसतं.

कोल्हापूरच्या एका फौंड्रीवाल्याला दुसऱ्या शनिवारी पहाटे दोन चाळीसला मेसेज आला: एक डॉलर. बावीस मिनिटांत आणखी दोन, १८० आणि २४० डॉलरचे. भामट्यांच्या हाती चोरलेला कार्ड नंबर लागला की ते आधी अशीच चिल्लर टाकून पाहतात, कार्ड जिवंत आहे का ते. एक डॉलर बिनबोभाट गेला की पुढचा हात मोठा. भारतात ऑनलाइन खरेदीला दुसरा पडताळा २००९ पासून सक्तीचा आहे, पण परदेशी दुकानदार त्या नियमाला बांधलेला नसतो. तिथे ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात. २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच असतो, आपण होऊन चालू करावा लागतो. या गृहस्थांनी सिंगापूरच्या सहलीसाठी तो चालू केला होता. सहल संपून आठ महिने झाले, बटण तसंच राहिलं.

त्यांनी एक गोष्ट मात्र चोख केली. सकाळी सात वाजता उठल्याबरोबर मेसेज पाहिला आणि चहाच्या आधी फोन केला. कार्ड तिथल्या तिथे बंद झालं, तक्रार क्रमांक मिळाला. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चाललं.

इथे बाई ६ जुलै २०१७ या तारखेवर येतात. ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणाच्या डोक्यावर, हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक त्या दिवशी निघालं. बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली त्याचं एक पान कायम असतं, कडा पिवळ्या पडलेल्या. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मध्येच कुठेतरी डेटा फुटला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तिथेही शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर ग्राहकाच्या वाट्याला काही भाग येतो: पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १० हजार, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५ हजार. सात दिवस उलटले, की बँकेच्या संचालक मंडळाचं जे धोरण असेल ते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यावर परत दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, हे बँकेवर बंधन. व्यवहार ग्राहकानेच केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारीसुद्धा बँकेची.

दिवस मोजायचे कुठून, यावर सगळं येऊन थांबतं. स्टेटमेंट उघडल्या दिवसापासून नव्हे. बँकेने व्यवहार कळवला, त्या दिवसापासून; आणि तो दिवस सोडून. म्हणजे मेसेजपासून. फौंड्रीवाल्यांचा मेसेज शनिवारचा, रविवारी सुट्टी, म्हणून त्यांना बुधवारपर्यंत मुदत होती. त्यांना ती लागलीच नाही. स्टेटमेंट महिन्यातून एकदा येतं. तोवर बहुतेक अनोळखी ओळींचे तीन दिवस आणि सात दिवसही केव्हाच होऊन गेलेले असतात. अनोळखी ओळ स्टेटमेंटवर ‘सापडली’ असं लोक म्हणतात, तेव्हा बाईंच्या हातातली कॅलेंडरची पानं आधीच उलटलेली असतात.

रत्नागिरीच्या एका आंबा व्यापाऱ्याचं तसंच झालं. मे महिना, अंगणात पेट्यांची चळत, फोन दिवसभर गिऱ्हाइकांच्या आणि ट्रकवाल्यांच्या ताब्यात. १८,४०० रुपयांचा मेसेज त्या गदारोळात बुडाला. स्टेटमेंट पाहिलं ते पाऊस पडल्यावर. शून्य जबाबदारीचं दार बंद झालं होतं. पण बाईंनी त्यांना फोन ठेवू दिला नाही, कारण दुसरं एक दार उघडं होतं: चार्जबॅक. कार्डाच्या जाळ्याचे स्वतःचे नियम असतात. व्हिसा आणि मास्टरकार्डाच्या बहुतेक तक्रारींना १२० दिवसांपर्यंत वेळ असतो. ग्राहकाची बँक जाळ्यामार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पैसे मागते. दुकानदाराने पुरावा द्यायचा, नाहीतर पैसे सोडायचे. समोरच्या परदेशी दुकानदाराने पुरावा दिलाच नाही. गणपतीच्या सुमारास व्यापाऱ्याला पैसे परत मिळाले. रिझर्व्ह बँकेचं घड्याळ वेगळं, कार्ड कंपनीचं वेगळं. एक थांबलं म्हणजे दुसरंही थांबलं असं नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चार्जबॅकमध्ये खरं बोलणं हा नुसता सद्गुण नाही, तो कागदपत्राचा भाग आहे. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने बूट मागवले, पैसे भरले, बूट आलेच नाहीत. लवकर निकाल लागेल म्हणून त्याने फॉर्मवर लिहिलं, ‘हा व्यवहार मी केलेलाच नाही.’ झालं! तक्रार फसवणुकीच्या कोडाखाली गेली. व्हिसाकडे समोर कार्ड नसताना झालेल्या फसवणुकीचा कोड १०.४, माल न मिळाल्याचा १३.१. दुकानदाराच्या बँकेने ओटीपीची नोंद आणि त्याच्याच वसतिगृहाचा पत्ता पुढे केला. दावा फेटाळला गेला. ‘माल आला नाही’ एवढं खरं लिहिलं असतं, तर बूट पोचल्याचा पुरावा दुकानदाराला देता आला नसता. बाईंनी त्याला हे समजावलं, तेव्हा तो म्हणाला, पण मॅडम, चोरीच ना ही? त्या म्हणाल्या, हो, पण तू सांगितलीस ती चोरी नव्हे.

सगळ्यात जड जातात ते ओटीपीचे फोन. कल्याणच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला कोणी तरी सांगितलं की रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपणार. बोलणारा इतका अदबीने ‘काका, काका’ करत होता, की त्यांनी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि दोन ओटीपी देऊन टाकले. ११ वाजून २० मिनिटांनी ४९ हजार, चार मिनिटांनी साडेचोवीस हजार. १२ वाजून ५ मिनिटांनी त्यांनी बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं. कार्ड प्रत्यक्षात बंद होईपर्यंत १२ वाजून ११ मिनिटांनी परदेशी साइटवर आणखी ९,९०० रुपये गेले.

नियम इथे कोरडा आहे. गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. पहिले दोन आकडे काकांच्या माथी आले, तिसरा बँकेच्या. ती सहा मिनिटं बाईंनी कॉलच्या नोंदीतून काढून दाखवली, म्हणून निदान ९,९०० सुटले. काकांना १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवरही फोन करायला लावलं. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला, तर तो याच तासाभरात. त्यांच्या बाबतीत तो सरकला होता. दोन दिवसांनी काकांनी परत फोन केला आणि विचारलं, हे घरी सांगणं गरजेचं आहे का?

बाई नवीन मुलांना टेबलावर बसवतात, तेव्हा ग्राहकाला सांगायच्या गोष्टी क्रमाने घोटून घेतात. ओळखीचं वाटत नाही आणि दहा मिनिटांत आठवतही नाही, तर आधी कार्ड बंद करा, चौकशी मागून. व्यवहार आपला निघाला तर नवीन कार्डाची वाट पाहावी लागेल, एवढंच. फोनवर बोललात तरी लेखी तक्रार करा आणि क्रमांक व वेळ लिहून ठेवा. बँकेच्या मेसेजला तिथूनच उत्तर देऊन हरकत घेण्याची सोय असायला हवी, असं २०१७ च्याच परिपत्रकात आहे; ती वापरा. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल वेळेवर भरा. रागाच्या भरात अख्खं बिल अडवून ठेवलं, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज उरलेल्या खरेदीवर लागतं आणि मूळ वाद राहतो बाजूला. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही, हे २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट आहे. बिलाबद्दलच्या तक्रारीचं कागदोपत्री स्पष्टीकरणही ३० दिवसांत द्यावं लागतं. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आपल्याच बँकेविरुद्धची ही वाट त्या ग्राहकाला स्वतःहून सांगतात. एका वरिष्ठांनी त्यावर भुवई उंचावली होती. बाईंनी छापील स्टेटमेंटच्या मागच्या पानावरची तीच माहिती त्यांच्यापुढे धरली.

आणि मग त्यांची स्वतःची ओळ.

बाईंचं एक कार्ड दुसऱ्या एका बँकेचं. बिल ‘ऑटो पे’वर, खात्यातून आपोआप भरलं जातं, बघायची गरज नाही. गेल्या डिसेंबरात लेकीच्या कॉलेजची फी त्या कार्डावर भरली होती, तिची पावती हवी म्हणून स्टेटमेंट उघडलं. तिथे १,४९९ रुपये आणि खाली जीएसटी, मिळून १,७६८ रुपये ८२ पैसे. समोर त्याच बँकेची आद्याक्षरं आणि ‘प्लॅन’ हा शब्द. त्यांनी त्याच्या आधीच्या वर्षीचा डिसेंबर काढला. तिथेही तीच ओळ. कार्ड हरवलं तर संरक्षण देणारी योजना होती म्हणे. बाईंनी ती कधी मागितली नव्हती.

त्यांनी संमतीचा पुरावा मागितला. बरेच ईमेल झाल्यावर कॉलचं रेकॉर्डिंग आलं. त्यात विक्री करणारा मुलगा एका दमात योजनेचे फायदे सांगतो आणि मागे ऑफिसचा कोलाहल ऐकू येतो. मग स्वतः बाईंचा आवाज: "मी मीटिंगमध्ये आहे, चालेल, नंतर बोलू." त्यातला ‘चालेल’ बँकेने संमती म्हणून धरला होता. अकरा वर्षं ज्यांनी लोकांना मेसेज शोधायला लावले, त्यांनी रात्री स्वतःच्या फोनात मागे मागे जाऊन पाहिलं. पैसे कापल्याचे मेसेज दोन्ही वर्षी आले होते. दुसऱ्याच्या वर त्यांच्या भिशीचा मेसेज होता, खाली गॅस सिलिंडरचा.

लेखी तक्रारीनंतर एकविसाव्या दिवशी त्या वर्षीचे १,७६८ रुपये ८२ पैसे परत आले. त्याआधीच्या वर्षीचे आले नाहीत.